कुळागरासाठी कारवानी कुत्र्याचं पिल्लू: कुठून घ्यावं?

कुळागर_सत्तरी: गोव्यात वाळपईजवळ आमचं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग आहे. रानडुकरं केळी उखडतात, माकडं नारळ पाडतात. कारवानीचं पिल्लू घ्यायचा विचार आहे. बजेट १० हजार, त्यापुढे नाही.

अथणीकर: थेट कर्नाटकात मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला जा. पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, नाव नोंदवा. आमचा राजा तिथलाच, अख्ख्या गावात असा कुत्रा नाही. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात सावरली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली.

फोंडेकर: मी एका विक्रेत्याकडून २५ हजारांना घेतलं. मोठं झाल्यावर कान ताठ उभे! आई-बाप बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०-२५ तरी काढाच.

पश्मीप्रेमी: मुधोळ आणि कारवानी एकच. केनेल क्लबकडे नोंद कॅराव्हॅन हाउंड अशी. कान-शेपटीला लांब केस असतील तर पश्मी.

अथणीकर: एकच कसं? २००५ च्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंडच आहे.

डिचोलीची_सुमन: अहो, प्रश्न डुकराचा आहे ना? ही जात उघड्या माळावर नजरेनं ससा धरणारी. पोफळींच्या दाटीत तिला दिसणार काय? आमच्या मोत्याची मांडी डुकरानं फाडली. कातडी इतकी पातळ, २८ टाके पडले. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा, डुक्कर मेलं तर केस तुमच्यावर. सौर कुंपण घाला.

म्हापशेकर: टाक्यांवरून सांगतो. यांच्या अंगात चरबी फारशी नसते, थायोपेंटोनसारखी भूल लवकर उतरत नाही. नसबंदीनंतर आमची राणी १४ तास उठली नव्हती. डॉक्टरांना आधीच बजावा.

फोंडेकर: सुमनताई बरोबर. पण आई-बाप बघाच.

कुळागर_सत्तरी: देव बरें करूं सगळ्यांचं. पिल्लू घेतलं नाही. जतकडच्या एका धनगरानं मेंढरं विकली, त्याची ४ वर्षांची मादी आणली. पैसे नको म्हणाला, दोन पोती नारळ नेले. ती डुकरांमागे सोडणार नाही, रात्री ओसरीवरच असते. सकाळी पाटाच्या कडेनं धावते तेव्हा आई हातातलं काम टाकून बघते. कुंपणाचं सुपारी विकल्यावर बघू. सुमनताई, पावसात गोचिडांसाठी तुम्ही काय लावता?