पार्षद ते मंत्री: इंदूरमध्ये मधल्या पायऱ्या कोणत्या?

रामबागकर
मंडळी, वाचनालयातल्या कॉलेजच्या मुलांसाठी शहराच्या राजकारणावर एक टिपण करतोय. ताई (सुमित्रा महाजन) आणि भाई (कैलास विजयवर्गीय), दोघांचीही सुरुवात निगमातून, म्हणजे महापालिकेतून झाली हे इंदूरात कोणालाही सांगायला नको. पण वॉर्डातला पार्षद, म्हणजे नगरसेवक, भोपाळला मंत्री होतो, तो मध्ये काय काय करून? महापौरपद त्या वाटेवर लागतं का? दोन पदं एकाच वेळी ठेवता येतात का? पक्षांची भांडणं नकोत, पद्धत सांगा.

दोन_नंबरवाला
आधी आकडे बघा. २०१४ मध्ये २९ गावं निगमात घेतली आणि वॉर्ड ६९ चे ८५ झाले. २०२२ च्या निवडणुकीत मतदार अठरा लाखांवर होते, म्हणजे वॉर्डाला सरासरी एकवीस-बावीस हजार. विधानसभेला हाच माणूस उभा राहिला तर (इथले विधानसभा मतदारसंघ नंबराने ओळखतात) तीन नंबरमध्ये पावणेदोन-दोन लाख मतदार आणि पाच नंबरमध्ये चार लाखांच्या आसपास. एक वॉर्ड पाठ असून भागत नाही, शेजारच्या दहा-पंधरा वॉर्डांत आपली माणसं लागतात. बहुतेक पार्षद इथेच अडकतात.

पार्षदाचं रोजचं काम म्हणजे नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, घरांमागच्या बॅकलाइनची सफाई, पथदिवे. कामाची वाट ठरलेली असते: झोन कार्यालयात अर्ज, उपयंत्र्याचं (सब-इंजिनिअरचं) इस्टिमेट, मंजुरी, टेंडर, मग वर्क ऑर्डर. काम अडतं ते बहुधा शेवटच्या दोन टप्प्यांत. मंजुरी असते, पण बजेटच्या त्या हेडमध्ये पैसा नसतो. जुनी बिलं थकलेली असली की ठेकेदार टेंडर भरतच नाहीत. भूमिपूजनाचा नारळ फुटतो आणि रस्ता वर्षभर तसाच. मुरलेला पार्षद वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय नारळ फोडत नाही.

पुढची पायरी म्हणजे महापौर परिषद, आपल्या भाषेत एमआयसी, म्हणजे महापौरांचं मंत्रिमंडळच. इंदूरात तिचे १० सदस्य. जलकार्य (पाणी), जनकार्य (बांधकाम) किंवा राजस्व (महसूल) खातं मिळालं तर ८५ ही वॉर्डांचे पार्षद तुमच्या दारात येतात. विधानसभेची ओळख इथे तयार होते. बाकी काही खाती नुसती पाटीपुरती, त्यांची नावं घेत नाही.

एक धोका मुलांना जरूर सांगा: आरक्षणाची चिठ्ठी. मध्य प्रदेशात शहरी संस्थांत अर्ध्या जागा महिलांसाठी असतात आणि वॉर्ड बदलत जातात. पाच वर्षं राबलेला वॉर्ड एका सोडतीत हातचा जातो. मग पत्नीला किंवा वहिनीला उभं करायचं, नाहीतर शेजारच्या वॉर्डात जाऊन तिथल्या कार्यकर्त्याचं वैर घ्यायचं.

कलमदान
कायद्याची बाजू. पार्षदाला किमान वय २१, महापौर आणि आमदाराला २५. आमदारकीला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं, म्हणूनच इंदूरचा माणूस महूला जाऊन लढू शकतो.

विधानसभेचं डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं पडली नाहीत तर ते जातं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. दिला नाही आणि कारणही पटलं नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. हरलेले उमेदवार हे हमखास विसरतात, आणि पुढच्या खेपेला फॉर्म भरताना आठवतं.

बी फॉर्मचं, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार कोण हे कळवायच्या कागदाचं, वेगळंच. विधानसभेला तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोचावा लागतो. निगमाला माघारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुभा असते. त्यामुळे एकाच वॉर्डात एकाच पक्षाचे चार-चार जण फॉर्म भरून बसतात आणि खरी मारामारी माघारीच्या दुपारी होते.

दोन पदांबद्दल: आमदार आणि महापौर एकाच वेळी असता येतं. कैलास विजयवर्गीय २००० साली आमदार असतानाच थेट मतदानातून महापौर झाले. मालिनी गौड यांनीही २०१५ पासून दोन्ही पदं सांभाळली. आमदार आणि खासदार मात्र एकत्र चालत नाही. १४ दिवसांत आमदारकी सोडली नाही तर खासदारकी जाते.

चिमणबाग
वरचं सगळं बरोबर, पण मुलांना असं वाटायला नको की ही शिडी आहे आणि पायरीमागून पायरी चढत गेलं की मंत्रिपद येतं. निवडून येणं आणि मंत्री होणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं इंदूरात होतं, दुसरं भोपाळ-दिल्लीत.

पुरावा घ्या. २०२३ मध्ये इंदूर जिल्ह्याच्या नऊच्या नऊ जागा भाजपला मिळाल्या. दोन नंबरमधून रमेश मेंदोला १,०७,०४७ मतांनी जिंकले. मंत्रिमंडळात कोण गेलं? विजयवर्गीय आणि सांवेरचे तुलसी सिलावट, बस. कारण गणित आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मुख्यमंत्री धरून मंत्री सभागृहाच्या १५ टक्क्यांपुरतेच. २३० चे १५ टक्के म्हणजे साडेचौतीस. त्यात माळवा, चंबळ, विंध्य, महाकोशल, बुंदेलखंड, शिवाय जातींचा हिशेब, महिला, आदिवासी भाग. एका जिल्ह्याच्या वाट्याला दोन-तीनच्या वर येणं कठीण. तुमची लढत विरोधी पक्षाशी नसते, आपल्याच जिल्ह्यातल्या आमदाराशी असते.

म्हणून महापौरपदाकडे मी पायरी नव्हे, आडवळण म्हणूनच बघतो. मालिनी गौड महापौर असताना इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, २०१७ पासून ओळीने. आमदारकीही हाताशी होती. मंत्रिपद आलं नाही. उलट उदाहरण तेव्हा काँग्रेसमध्ये असलेल्या संजय शुक्लांचं. २०१८ ला एक नंबरचे आमदार, २०२२ ला महापौरपदाला उभे राहून पुष्यमित्र भार्गवांकडून हरले, २०२३ ला आमदारकीही विजयवर्गीयांकडे गेली. आमदाराने महापौरपद लढवून हरलं की आपली ताकद किती हे सगळ्यांना आकड्यांत कळतं. भोपाळमध्ये त्यानंतर वजन राहत नाही.

विजयवर्गीयांचा क्रम बघा: १९८३ पार्षद, १९९० चार नंबरमधून आमदार, पुढे दोन नंबर, २००० महापौर, २००३ मंत्री, २००८ आणि २०१३ महू, २०१५ पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस, २०२३ एक नंबर आणि नगरविकास मंत्री. मतदारसंघ तीन वेळा बदलला, म्हणजे एका वॉर्डावर किंवा एका मतदारसंघावर काहीच उभं नव्हतं. संघटनेतलं स्थान टिकलं, बाकी हलत राहिलं. ग्वाल्हेरचे नरेंद्रसिंह तोमरही १९८३ चेच पार्षद. १९९८ ला आमदार, मग राज्यात मंत्री, केंद्रात मंत्री, आणि २०२३ ला विधानसभेचे अध्यक्ष. पार्षद ते आमदार यात १५ वर्षं गेली, हे मुलांना ठळक करून दाखवा.

रामबागकर
उत्तम. मग ताई कुठल्या पायरीवर बसवू? आणि निवडून न येता थेट मंत्री होता येतं, हे खरं का?

कलमदान
होता येतं, सहा महिन्यांसाठी. कलम १६४(४). उदाहरण सांवेरचंच आहे. सिलावटांनी मार्च २०२० मध्ये आमदारकी सोडली, २१ एप्रिलला मंत्रिपदाची शपथ घेतली. कोविडमुळे पोटनिवडणूक लांबली, सहा महिने भरले आणि ऑक्टोबरमध्ये राजीनामा द्यावा लागला. नोव्हेंबरमध्ये निवडून आले आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा शपथ. ऐन प्रचारात मंत्रिपद नसलेला मंत्री, असा प्रकार.

चिमणबाग
ताईंना या शिडीवर बसवूच नका. १९८४-८५ ला उपमहापौर, १९८५ ला विधानसभेत तीन नंबरमधून महेश जोशींकडून पराभव, आणि १९८९ ला लोकसभेत थेट प्रकाशचंद्र सेठींना हरवलं, जे माजी मुख्यमंत्री होते. मग सलग आठ वेळा खासदार, मध्ये केंद्रात राज्यमंत्री, २०१४ ला लोकसभा अध्यक्ष. राज्याचं दार बंद झालं आणि दिल्लीचं उघडलं. यात मराठी मतांचा वाटा लोक वाढवून सांगतात. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर मिळूनही खासदारकी निघत नाही. लोकसभेत सांवेर आणि देपालपूरची गावंही येतात.

दोन_नंबरवाला
आणखी एक दार राहिलं. ज्यांना मंत्री करता येत नाही त्यांना राज्य सरकारच्या एखाद्या निगम-मंडळाचं (महापालिकेचं नव्हे) अध्यक्षपद देऊन मंत्र्याचा दर्जा देतात. इंदूर विकास प्राधिकरणाच्या अध्यक्षपदाकडेही सगळ्यांचा डोळा असतो. गाडी, बंगला, पाटी मिळते, मंत्रिमंडळाच्या बैठकीत खुर्ची नाही. शिवाय सरकार बदललं की नेमणूक त्याच आठवड्यात रद्द होऊ शकते. टिपणात "दर्जाप्राप्त" आणि "शपथ घेतलेले" हे दोन रकाने वेगळे ठेवा, वर्तमानपत्रं दोघांनाही मंत्रीच लिहितात.