आठव्या एडवर्डचा रुपया खरा असतो का?

पंचवटीकर
सराफ बाजारात १९३६ सालचा 'आठव्या एडवर्डचा चांदीचा रुपया' दाखवताहेत. प्रदर्शनासाठी व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जपर्यंत रुपयांची ओळ लावायची आहे, त्यात हाच राहिलाय. घ्यावा का? आणि नुसत्या लग्नापायी या ब्रिटिश राजाला गादी सोडावी लागली, हे कसं?

जुनी टाकसाळ
घेऊ नका. ब्रिटिश हिंदुस्थानात आठव्या एडवर्डचं चलनी नाणं निघालंच नाही. आधी चेहरा बघा. दाढी आणि टक्कल असेल तर तो सातवा, म्हणजे याचे आजोबा. त्यांचे रुपये १९०३ ते १९१०चे. रोमन सातापुढे एक दांडी वाढवली की झाला आठवा! काट्यावर विसंबू नका, वजन ११.६६ ग्रॅम बरोबर भरेल, कारण नाणं मुळात खरंच असतं. भिंगाखाली दांड्यांमधलं अंतर तपासा. दाढी-मिशी नसलेला तरुण दिसला तर तो मागाहून संग्राहकांसाठी पाडलेला शोभेचा तुकडा.

१९३६चीच पावली किंवा एक आणा मिळतो, पण त्यावर पाचवा जॉर्ज. नाव हवंच असेल तर कच्छ संस्थानचं 'कोरी' नावाचं नाणं शोधा. त्यावर आठव्या एडवर्डचं नाव फारसी लिपीत आहे, चेहरा नाही.

गोदाकाठ
लग्नाबद्दल. 'नुसतं' नव्हतं हो ते. राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख. त्याला जिच्याशी लग्न करायचं होतं त्या वॉलिस सिम्पसनबाईंचा एक घटस्फोट झालेला, दुसऱ्याचा अंतरिम निकाल २७ ऑक्टोबर १९३६चा, आणि दोन्ही नवरे हयात. असा पुनर्विवाह चर्चला तेव्हा चालत नव्हता. लग्न करतो पण बायकोला राणीपद नको, हा तोडगाही निघाला. त्याला नवा कायदा लागला असता. पंतप्रधान बॉल्डविनचं मंत्रिमंडळ तयार नव्हतं, कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या डोमिनियन (साम्राज्यातल्या स्वायत्त देशांच्या) सरकारांचाही पाठिंबा मिळाला नाही. मंत्र्यांचा सल्ला झुगारला असता तर सरकार पडून निवडणूक राजाच्या बायकोवर लढली गेली असती. १० डिसेंबरला गादी सोडण्याच्या पत्रावर सही, ११ला पायउतार. एकूण ३२६ दिवस. राज्याभिषेकाची १२ मे १९३७ ही तारीख तशीच ठेवली, राजा तेवढा बदलला!

नाशिकरोड
यात आपला नाशिकरोडचा नोटा छापणारा प्रेसही येतो. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या नोटा १९३७च्या उन्हाळ्यात आठव्या एडवर्डच्या चित्रासह काढायचं ठरलं होतं. राजाच गेल्यावर चित्र बदललं, आणि पाच रुपयांची पहिली नोट सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याने थेट जानेवारी १९३८ला आली. तिच्यावर दुसरे गव्हर्नर टेलर यांची सही आहे. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. ओळीत रुपयाच्या जागी ही नोट ठेवा, गोष्ट सांगता येते.

पंचवटीकर
मग सहाव्या जॉर्जचा रुपया कोणत्या सालचा घेऊ?

जुनी टाकसाळ
१९३८चा. १९३९चा दुर्मीळ, भाव ऐकून घाम फुटेल. १९४०पासून चांदी निम्मी केली. आणि मांडताना तोंडं बघा: व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे, अशी पाळीपाळीने दिशा बदलायची रीत. आठव्याला उजवीकडे बघायचं नव्हतं, डावी बाजूच हवी होती. सहावा मात्र डावीकडेच बघतो, जणू मधला रीतीप्रमाणे उजवीकडे बघून गेला.