कार्यालयाचं जुनं दप्तर विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात कसं पाठवायचं?

प्रश्न (वेंगुर्ले)
नमस्कार. आमच्या केंद्राचं जुनं दप्तर विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात द्यायचंय. तीन लोखंडी कपाटं भरून फायली, शिवाय हजेरीपट आणि रोकडवह्या. खालच्या कप्प्यात ओल धरलीय, पिना गंजल्यात. सुरुवात कुठून करावी?

दप्तरी, रत्नागिरी
खोकी नंतर, आधी वर्गवारी. शासकीय पद्धतीत फायली किती काळ ठेवायच्या त्यावरून वर्ग पडतात: 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क-१' १० वर्षं, 'क' ५ वर्षं आणि 'ड' १ वर्ष. विद्यापीठाची स्वतःची मुदतसूची असेल तर तीच धरा. मुदत मोजायची ती फाईल बंद झाल्यापासून, उघडल्यापासून नव्हे. बहुतेक याद्या इथेच चुकतात. 'ड'ची कागदपत्रं पाठवूच नका, मंजुरी घेऊन तुमच्याकडेच नष्ट करा.

यादीत खोका क्रमांक, फाईल क्रमांक, विषय, उघडल्याची व बंद केल्याची तारीख, वर्ग, पानं आणि नष्ट करायचं वर्ष हवं. विषयात 'किरकोळ पत्रव्यवहार' लिहिलंत तर पुढे माहिती अधिकाराचा अर्ज आला की ती फाईल कुणालाच सापडणार नाही. यादीच्या तीन प्रती काढा: एक खोक्यात, एक अभिलेख कक्षाला, एक पोच घेऊन तुमच्याकडे. खोक्यावर '७/४०' (चाळिसांपैकी सातवं) असा क्रमांक दोन बाजूंना टाका, नुसता झाकणावर नको. थप्पी लागली की झाकण दिसत नाही.

कागद-जतन, दापोली
ओलीबद्दल कळकळीनं सांगते: दमट फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. आत घाम धरतो आणि बुरशी वाढते. ओल्या कागदावर ती दोन दिवसांत दिसू लागते. त्या फायली वेगळ्या काढून सावलीत, पंख्याखाली, पानं सुटी करून वाळवा. उन्हात नको, शाई उडते आणि कागद कडक होतो. बुरशी पूर्ण सुकून भुकटी झाल्यावरच मऊ ब्रशनं, उघड्यावर, तोंडाला एन-९५ मास्क लावून झाडा. ओली असताना पुसलीत तर डाग कागदात मुरतो.

गंजलेली पिन ओढू नका. मागच्या बाजूनं तिची टोकं पातळ पट्टीनं उचलून सरळ करा, मग काढा. रबरबँडही काढा, ते वितळून चिकटतात. बांधायला सुती नाडी घ्या. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही.

खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा, वजन १२ ते १५ किलोच. ५०० कोऱ्या ए-फोर पानांचा गठ्ठा अडीच किलोचा असतो, म्हणजे पाच-सहा गठ्ठ्यांएवढेच कागद. रोकडवह्या आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर शिवण सुटते. गाडी बंद हौद्याची पाहा आणि जून ते सप्टेंबर टाळाच. अभिलेख कक्षात खोकी जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर राहतील, हे आधी विचारून घ्या. वाळवी भिंतीच्या कडेनं चढते.

प्रश्न (वेंगुर्ले)
आभार! सेवापुस्तकं आणि कोर्टातल्या प्रकरणांच्या फायली?

दप्तरी, रत्नागिरी
नोकरीत असलेल्यांची सेवापुस्तकं आस्थापना शाखेतच राहू द्या. निवृत्तांचीही, निवृत्तिवेतनाचं प्रकरण मिटेपर्यंत. कोर्टातल्या आणि लेखापरीक्षणातले आक्षेप बाकी असलेल्या फायली आत्ता पाठवू नका. चुकून एखादी गेली असेल तर यादीत त्या फाईलपुढे 'न्यायप्रविष्ट, नष्ट करू नये' असं लाल शाईनं लिहून कळवा.