दवाखान्याच्या बैठकीत नागरिक कशाला? (उत्तर देतोय, लांबलंय)

वारजेकर: काल 'स्टेथोस्कोप' यांनी लिहिलं की दवाखान्यांचं नियोजन तज्ज्ञांचं काम, नागरिकांना बोलावलं की पार्किंग आणि भटक्या कुत्र्यांच्या पुढे गाडी जात नाही. डोकंच फिरलं. 2007 ला राज्यात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवर गावातल्याच लोकांनी लक्ष ठेवायचं, हे सुरू झालं, त्यात पुणे जिल्हा पण होता. गावोगाव आरोग्य सेवेचं रिपोर्ट कार्ड, चांगलं असेल तर हिरवं, बरं असेल तर पिवळं, वाईट असेल तर लाल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही रंग कळतो की. आमच्या गावाकडच्या जनसुनवाईत आत्याने पदराची गाठ सोडून मेडिकलच्या तीन पावत्या टेबलावर ठेवल्या, सरकारी केंद्रात इंजेक्शन नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी दिलेली. डॉक्टर म्हणाले वरून स्टॉकच येत नाही, आणि 'वरचे' साहेब शेजारच्याच खुर्चीत! आता पुणे शहरात बघा. आमच्या भागातल्या दवाखान्यात तक्रारपेटी आहे, कुलूप गंजलंय, शिपाई म्हणतो चावी आधीच्या मॅडमकडे. त्या रिटायर झाल्या.

स्टेथोस्कोप: आत्याबाईंना नमस्कार. पण पावती दाखवणं वेगळं, नियोजन वेगळं. डायलिसिसची मशिनं किती हे हात वर करून ठरवणार का? पुण्यात बजेटसाठी नागरिकांच्या सूचना 2006 पासून मागवतात, त्यात येतं काय? बाकडी आणि पेव्हर ब्लॉक.

वॉर्डातली_ताई: मी सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काढली. ओपीडी, लसीकरण, रजिस्टर आणि आता मोबाईलवरची एंट्री, सगळं एकाच सिस्टरकडे. रिकाम्या जागा भरा असं एकानं तरी लिहिलंय का? सिस्टर उर्मट आहे, एवढंच लिहितात.

वारजेकर: ताई, दवाखान्याच्या समितीत बसू दिलं तर तेही लिहू ना.

किरकटवाडी_टँकर: जानेवारी 2025 ला आमच्याकडे किरकटवाडीत जीबीएसचे (गुलेन-बारे, नसांचा आजार, संशय दूषित पाण्यावर) पेशंट निघाले तेव्हाही तज्ज्ञच होते की सगळे. 2021 ला आमची गावं पुणे महापालिकेत घेतली, पाणी मात्र तेच. सोसायटीतल्या बायका गढूळ येतंय म्हणून कधीच्या सांगत होत्या, ऐकतंय कोण.

पेठी_काका: ते पाणीबिणी राहू द्या, खरी मेख धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांत आहे. 10 टक्के खाटा निर्धनांना फुकट, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, असा नियम. मेव्हण्याला एका मोठ्या ठिकाणी नेलं (नाव घेत नाही), हातात पिवळं रेशनकार्ड, काउंटरवरची पोरगी कॉम्प्युटरकडे न बघताच म्हणते, कोट्यातली खाट शिल्लक नाही.

स्टेथोस्कोप: काका, विषय काय चाललाय? आणि बिलिंगच्या दोन टक्के निर्धनांच्या निधीत टाकावे लागतात, तो संपला की हॉस्पिटलने काय करायचं?

पेठी_काका: संपला हे सांगणार कोण? हॉस्पिटलच! म्हणजे आपणच पेपर लिहायचा नि आपणच तपासायचा.

वॉर्डातली_ताई: रिकाम्या खाटा धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर बघता येतात.

पेठी_काका: रात्री दीडला एका हाताने स्ट्रेचर धरून साइट बघू का? डिपॉझिट भरायला बहिणीच्या पाटल्या मोडल्या हो. बारा दिवसांनी सोशल वर्कर येऊन विचारते, आधी का नाही सांगितलं!

स्टेथोस्कोप: सरसकट डॉक्टरांना चोर ठरवू नका. डॉक्टरकीच्या ट्रेनिंगमध्ये, रेसिडेन्सीत 36-36 तास उभा राहिलोय मी.

पेठी_काका: उभे राहिलात, उपकार झाले. प्रश्न खाटेचा आहे.

स्टेथोस्कोप: खाटा काय मी खिशात घालून फिरतो?

वारजेकर: भांडू नका राव. मी तेच म्हणतोय, वस्तीतली दोन माणसं रोज सकाळी साइटवरची रिकाम्या खाटांची यादी आणि हॉस्पिटलातल्या खाटा ताडून बघू देत. त्याला एमडी कशाला लागतं?

स्टेथोस्कोप: बरं बाबा, मोजा खाटा. मशिनं आमच्यावर सोडा, एवढी कृपा करा. आणि बैठका सकाळी 11 ला ठेवता, मग पेन्शनर सोडून येणार कोण?

पेठी_काका: पेन्शनरांनी काय घोडं मारलंय तुमचं?

किरकटवाडी_टँकर: रविवारी ठेवा मग.

वॉर्डातली_ताई: एवढी एकच सुट्टी आहे हो आम्हाला.