टूसॉनच्या वाळवंटातली जुनी लष्करी विमानं: जपायची की मोडीत काढायची?

सोनोरा_मराठी
सगळ्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. ॲरिझोनात टूसॉनजवळच्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळावर रांगेत उभी असलेली हजारो लष्करी विमानं, आणि खाली लिहिलंय "लोकांच्या टॅक्सचा पैसा उन्हात सडतोय". मला हे साफ नामंजूर आहे.

तिथे काय करतात ते आधी बघा. विमान आलं की धुतात, नेव्हीचं असेल तर नीट घासून, कारण समुद्राचं मीठ बसलेलं असतं. मग तोफा, इजेक्शन सीटमधली (संकटात पायलटला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली) स्फोटकं, गुप्त उपकरणं काढून घेतात. इंधन उपसून पाइपांतून हलकं तेल फिरवतात म्हणजे आत गंज धरत नाही. इंजिनांची तोंडं, फटी, काचा टेपने बंद करून वर आधी काळा आणि मग पांढरा लेप फवारतात, तो नंतर सालीसारखा ओढून काढता येतो. पांढऱ्या रंगामुळे ऊन परत फेकलं जातं आणि कॉकपिटमधल्या वायरी, रबरी सील भाजून निघत नाहीत. पोटाखाली मात्र मुद्दाम मोकळं ठेवतात, ओल कोंडू नये म्हणून. भंगाराची एवढी निगा कोणी राखतं का?

जागासुद्धा विचार करून निवडलीय. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये बी-२९ बॉम्बर आणि सी-४७ मालवाहू विमानं ठेवायला हा तळ घेतला, कारण पाऊस कमी, हवा कोरडी, आणि जमीन इतकी कडक की काँक्रीट न टाकता अवजड विमान उभं करता येतं. नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारं बॉक्सकार नावाचं बी-२९ इथेच उभं होतं म्हणून आज ओहायोतल्या डेटनच्या म्युझियममध्ये बघायला मिळतं.

आणि उपयोग म्हणाल तर २०१४ मध्ये लुइझियानात एका बी-५२ बॉम्बरच्या कॉकपिटला आग लागली, २०१६ मध्ये ग्वाम बेटावर दुसरं अपघातात गेलं. दोन्हींच्या बदल्यात विमानं इथूनच नेली, घोस्ट रायडर आणि वाइज गाय नावाची. दोन्ही २००८ पासून उभी होती. बी-५२ बनवणं १९६२ मध्येच बंद झालं, मग दुसरीकडून कुठून आणणार होते?

सडेतोड_सातारकर
दोन बी-५२ परत उडाली हे मान्य, पण तेवढ्यावर हजारो विमानांचं समर्थन होत नाही हो. सी-२७जे चं प्रकरण आठवा. हवाई दलाने ही मालवाहू विमानं मागवली, मग बजेटला कात्री लागली म्हणून २०१२-१३ च्या सुमाराला नकोत म्हणाले, आणि त्यातली काही कोरी करकरीत विमानं कारखान्यातून थेट वाळवंटात जाऊन उभी राहिली. हाताशी एवढी मोठी जागा असली की चुकीच्या खरेदीचा जाब कोणी विचारत नाही, माझा मूळ राग यावर आहे. विमान नजरेआड झालं की विषय संपतो.

सोनोरा_मराठी
@सातारकर खरेदी चुकली यात वाद नाही, पण त्याच विमानांचं पुढे काय झालं तेही सांगा की. १४ कोस्ट गार्डला गेली आणि उरलेली स्पेशल फोर्सेसना. जपून ठेवली नसती तर तेही पैसे पाण्यात गेले असते. चूक खरेदी करणाऱ्यांची, राग मात्र जपणाऱ्यांवर, हा कुठला न्याय?

निळावंती
मला वेगळंच खटकतं. जपायचं म्हणता ना, मग एफ-१४ लढाऊ विमानं का चिरडली? २००६ मध्ये नेव्हीने निवृत्त केली आणि लगेच पुढच्या वर्षी वाळवंटातल्यांचा चुरा करायला सुरुवात. पंख मागेपुढे करणारं इतकं देखणं विमान, त्याचे तुकडे करताना हात कसे धजावले देव जाणे. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

विंगनट
@निळावंती ताई, वाईट मलाही वाटतं पण दुसरा इलाज नव्हता. एफ-१४ अमेरिकेबाहेर फक्त इराणकडे होती, तिथल्या शाहच्या काळात विकलेली, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांना स्पेअर मिळेनात. भंगारातून एखादा पंप, एखादा व्हॉल्व्ह फिरत फिरत तेहरानला पोचला असता. म्हणून तर २००८ मध्ये त्या पार्टच्या विक्रीवर कायद्यानेच बंदी आणली. बाकी म्युझियममध्ये बरीच उभी आहेत, जाऊन बघा.

ओझरचा_फिटर
मी आयुष्यभर विमानाच्या नटबोल्टात हात काळे केलेत म्हणून बोलतो, लांबलं तर सांभाळून घ्या. नवीन विमान कोणीही विकत घेईल, पण चाळीस वर्षं जुन्या विमानाचा एक सुटा भाग मिळवताना काय होतं ते आम्हाला विचारा, बनवणारी लाइन बंद, साचे मोडलेले, सप्लायर कुठे गेला पत्ता नाही, आणि एका ॲक्चुएटरसाठी (चाकं, पंखांच्या झडपा हलवणारा भाग) अख्खं विमान जमिनीवर. आपल्याकडेच बघा ना, फ्रान्सने आणि ओमानने निवृत्त केलेली जग्वार लढाऊ विमानं आपण स्पेअरसाठी घेतली, फ्रान्सची जुनी मिराजसुद्धा. म्हणजे दुसऱ्याने सांभाळलेला जुना माल आपल्याला लागतोच. मिग-२१ नाशिकला ओझरला बनली, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला. आपणही अशी एखादी कोरडी जागा करायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

सडेतोड_सातारकर
@फिटरकाका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण आपल्याकडे जागा कुठे? नाशिकला पाऊस, कोकणात खारी हवा. राजस्थान म्हणाल तर शेवटची मिग-२१ बिकानेरजवळ नालला होती, तिथून सरहद्द लांब नाही. शेकडो विमानं उघड्यावर रांगेत मांडायची ही ती जागा नव्हे. अमेरिकेला जमतं कारण टूसॉनवर कोणी हल्ला करायला येत नाही.

आणि जुनं धातूकाम फसवतं. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात वॉकर गावाजवळ वणवा विझवणाऱ्या सी-१३०ए या जुन्या मालवाहू विमानाचे पंख हवेतच तुटले, तिघे गेले. हवाई दलातून निवृत्त झालेलंच विमान होतं ते. वरून पांढरा लेप किती का असेना, आतली भेग त्याने भरत नाही.

ओझरचा_फिटर
पंखांचं खरं आहे, मी ते हलक्यात घेत नाही. पण तो धातूचा थकवा होता, विमान वापरून वापरून आलेला. वाळवंटात उभं राहून भेग पडत नाही, पडलेली असेल तर पडलेलीच राहते. वणव्यावर पाणी टाकताना पंखांवर जो झटका बसतो त्यासाठी ते विमान बांधलेलंच नव्हतं. तिथे तपासणी कमी पडली. बदली भाग म्हणून पंप किंवा चाकाची असेंब्ली काढायची तर ती टेस्ट बेंचवर चढवून बघतात आणि मगच लावतात.

निळावंती
मग निदान मर्यादा तरी हवी ना? जे कधीच उडणार नाही आणि ज्याचे पार्टही कोणाला नकोत, ते किती वर्षं उभं ठेवायचं?

सोनोरा_मराठी
@निळावंती मर्यादा आहेच. तिथे विमानांचे चार वर्ग करतात. परत उडवायची ती एका वर्गात, त्यांना हात लावू देत नाहीत. सुट्या भागांची वेगळी, थोड्या काळापुरती उभी केलेली वेगळी, आणि चौथा वर्ग मोडीचा. रशियाबरोबरच्या अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट करारानंतर ३६५ बी-५२ अशीच मोडली, क्रेनने १३,००० पौंडांचं पातं वरून सोडून तुकडे केले आणि रशियाच्या उपग्रहांना मोजता यावेत म्हणून तीन महिने तसेच उघड्यावर ठेवले. तेव्हा मोडायची वेळ आली की मोडतातही.

सडेतोड_सातारकर
ते करारामुळे मोडलं, हिशेब बघून नाही. चौथ्या वर्गात टाकायचा निर्णय दरवर्षी उघडपणे व्हावा, कोणतं विमान का उभं आहे हे अमेरिकेच्या संसदेपुढे, काँग्रेसपुढे, नावानिशी यावं, एवढंच मागतोय. सगळी मोडा असं मी म्हणतच नाही.

ओझरचा_फिटर
याला माझा पाठिंबा. आणि त्या यादीत प्रत्येक विमानाचं लॉगबुक पूर्ण आहे की नाही तेही लिहा. किती तास उडालं, कुठला भाग कधी बदलला याची नोंद नसेल तर तो भाग दिसायला कितीही चकचकीत असो, मी तरी विमानाला लावणार नाही.