कॉमिक्समधले धक्के : कथा की नुसती खपाची युक्ती?

पानउलटा :
१९७३ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा १२१ वा अंक. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो, पीटर (म्हणजेच स्पायडर-मॅन) जाळं टाकून तिला पकडतो, वर ओढताना स्वतःवर खूशही असतो. ती मात्र गेलेली असते. मानेजवळ बारीक अक्षरात 'स्नॅप' लिहिलंय, घाईत वाचलं तर निसटतंच. तिला गॉब्लिनने मारलं की पीटरच्या जाळ्याने, ही टोचणी त्याला कायमची लागली. धक्का असावा तर असा.

आणि हल्ली? २०१६ मध्ये कॅप्टन अमेरिका 'हेल हायड्रा' म्हणाला, म्हणजे ज्या दुष्ट संघटनेशी तो आयुष्यभर लढला तिचाच जयजयकार, नेटवर आगडोंब उसळला. पुढच्याच अंकात खुलासा : त्याचा शत्रू रेड स्कलने वास्तवच बदलणारा कॉस्मिक क्यूब वापरून त्याचा भूतकाळच बदलला होता! १९९२ ला सुपरमॅन मेला तेव्हा काळ्या पिशवीत अंक, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. वर्षभरात स्वारी परत. माझं म्हणणं एवढंच, फिरवायचाच असेल तर धक्का देऊ नका.

खलनायकप्रेमी :
साफ असहमत. हाच नियम लावला असता तर विंटर सोल्जर मिळाला असता का? कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी मेला हे १९६४ पासून गृहीत धरलेलं. २००५ मध्ये लेखक एड ब्रुबेकरने तेच फिरवलं : बकी जिवंत, धातूचा हात, सोव्हिएतांनी स्मृती पुसून बनवलेला मारेकरी, तोच विंटर सोल्जर. आणि ज्या ग्वेनचे गोडवे गाताय, तिचाही क्लोन १९७५ मध्ये आणलाच की!

पानउलटा :
क्लोन होता, ग्वेन नव्हे. ती मेलेलीच राहिली. बकीचं मान्य, पण तिथे मधे चाळीस वर्षं गेली होती. सुपरमॅनला वर्षही नाही.

चौकटीबाहेर :
जेसन टॉडला, बॅटमॅनच्या साथीदाराला, म्हणजे दुसऱ्या रॉबिनला विसरलात? १९८८ मध्ये त्याला मारायचं की नाही हे वाचकांनी फोन करून ठरवलं. मारा ५३४३, वाचवा ५२७१. फक्त ७२ मतांनी पोरगं गेलं. त्यामुळे सगळं खापर प्रकाशकांवर फोडू नका, आपणही धुतल्या तांदळासारखे नाही.

खलनायकप्रेमी :
+१. शिवाय धक्क्यासाठी कुणाला मारायलाच कशाला हवं? १९९७ चा 'थंडरबोल्ट्स' पहिला अंक बघा. अव्हेंजर्स ही सुपरहिरोंची टोळी गायब, नवे हिरो आले, लोक खूश. शेवटच्या पानावर कळतं, हे सगळे वेषांतर केलेले खलनायक, मास्टर्स ऑफ इव्हिल, म्होरक्या बॅरन झेमो! पुढे गंमत अशी की सोंग वठवता वठवता त्यातल्या काहींना चांगुलपणाच आवडायला लागतो.

पानउलटा :
अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! तो धक्का कुणी मागे घेतला नाही, अख्खी मालिका त्यावर उभी राहिली.

खलनायकप्रेमी :
'सीक्रेट एम्पायर' ही मालिकाही हायड्रावाल्या कॅप्टन अमेरिकावरच उभी राहिली ना, २०१७ ला? ती का नाही चालत?