मदत हवी आहे: धायरी-सिंहगड रस्ता भागात दिव्यांग मुलांसाठी खेळगट आणि आईवडिलांना थोडी उसंत

नमस्कार मंडळी,

आमची लेक आठ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), दोन्ही पायांत ताठरपणा जास्त. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. तिचं बोलणं आम्हाला कळतं, नवख्या माणसाला दोनदा ऐकावं लागतं. समज वयाला साजेशी आहे, जवळच्याच शाळेत तिसरीत आहे आणि गोष्टी रचून सांगण्यात आमच्या घरात तिचा हात धरणारं कोणी नाही. थोरला मुलगा सातवीत. राहायला धायरीला, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

थेरपिस्टचे पत्ते नको आहेत, ते झालंय. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच हे सगळं मार्गी लागलंय. हवं आहे ते वेगळं. आठवड्यातून एखाद-दोन वेळा तिला तिच्या वयाच्या मुलांत खेळता येईल अशी जागा हवी आहे. दिव्यांग आणि बाकीची, अशी सगळी मुलं एकत्र असतील तर फारच चांगलं. आणि त्या वेळात तिला उचलायला, शू-शी करवायला, खायला घालायला कुणी जाणतं माणूस हवं, म्हणजे माझ्या बायकोला तीन-चार तास स्वतःचे मिळतील.

हे दुसरं मागणं लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही. मुलगी झाल्यापासून बायकोची नोकरी सुटली ती सुटलीच. पोर वाढतेय, वजन वाढतंय आणि जिना तोच आहे. आता बायकोची कंबर धरायला लागली आहे. सासूबाई मायेने येऊन राहतात, पण त्यांच्या वयाला उचलणं झेपत नाही. शाळा, थेरपी, घर या फेऱ्यांत बाईला दवाखान्यात स्वतःला दाखवायला वेळ नाही.

आणि थोरला. शाळेच्या सहलीला नाव द्यायचं नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, “मग संध्याकाळी खुर्ची खाली कोण नेणार?” बारा वर्षांच्या पोराला असले हिशेब करावे लागतात याचं मला फार वाईट वाटतं. अशा भावंडांसाठी पुण्यात कुणी काही करत असेल, गप्पा, शिबिर, काहीही, तर जरूर सांगा.

आतापर्यंत काय केलं तेही लिहितो, म्हणजे तेच सल्ले पुन्हा नकोत आणि नुकतंच निदान झालेल्या कुणा आईवडिलांच्या उपयोगी पडेल.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढलंय. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय इथे होते. हे कार्ड आधी काढा, कारण बाकीची बहुतेक दारं त्याच्यानंतर उघडतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा जवळची घ्यायची की विशेष शाळा, ते आपण ठरवायचं. एका शाळेने आम्हाला “आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही” म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा हे कलम मला माहीत नव्हतं. आता ज्यांना असं सांगितलं जातं त्यांनी अर्ज लेखी द्यावा आणि नकारही लेखी मागावा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांमध्येही दिव्यांग मुलं वंचित गटात येतात.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना घेतली आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता, या चार प्रकारांसाठी ती आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. फक्त दरवर्षी नूतनीकरण लक्षात ठेवून करावं लागतं. प्राप्तिकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला १,२५,०००. पण ही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच, नव्यात नाही.

म्हणजे कागद आहेत, उपचार आहेत. पण शनिवारी दुपारी खाली पोरं लपाछपी खेळतात तेव्हा ती गॅलरीतून त्यांना नावानिशी हाका मारते, आणि तिला खाली आणायला त्या वेळी घरात कुणी धड माणूस नसतं. यावर कुठल्याच कागदात उत्तर नाही.

तर प्रश्न हे: आमच्या बाजूला असा खेळगट किंवा दिवसाची सोय कुणाला माहीत आहे का? रोज नको, अधूनमधून मूल सांभाळणारी भरवशाची व्यवस्था कुणी वापरली आहे का? आणि नसेलच, तर आसपासची चार-पाच कुटुंबं मिळून काही सुरू करता येईल का?

एक विनंती. स्टेम सेलच्या (मूळ पेशी टोचून मूल बरं करतो म्हणणाऱ्या उपचारांच्या) जाहिराती कृपया पाठवू नका. २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचली आहेत. रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे आणि त्यासाठी पालकांकडून पैसे घेणं त्यात बसत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दागिने मोडून हे केलं. त्यांच्याबद्दल मी काही वावगं बोलणार नाही, आशा कुणाला सुटते? पण ते पैसे घेणाऱ्यांचा राग येतो.

*

प्रतिसाद, कोथरूडहून (मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्व)

दादा, आधी वहिनींना घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जा. तुम्ही रजा टाका, सासूबाईंना मुलीजवळ बसवा, पण या आठवड्यात जा. मी कंबरदुखी अंगावर काढली आणि आता खाली वाकून भांडं उचलता येत नाही.

दुसरं, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने का होईना, जागा बघा. स्वतःचं घर सोडवत नाही हे कळतं मला. पण ते भाड्याने देऊन दुसरीकडे राहता येतं. मुलगी दहा-अकराची झाली की जिन्यावरून उचलणं तुमच्या दोघांच्याही हातात राहणार नाही, आणि मग घराबाहेर पडणंच कमी होतं. तसं कमी होत गेलेली घरं मी पाहिली आहेत.

खेळायच्या जागेबद्दल: गणेशखिंडीत राजभवनाजवळ बालकल्याण संस्था आहे. दिव्यांग मुलांसाठी खेळ, पोहणं, संगीत, हस्तकला असं सगळं तिथे चालतं. आमचा पाण्याला भ्यायचा, तो तिथे पोहायला लागला. जागा मुलांचा विचार करून बांधलेली आहे, खुर्ची अडत नाही. तुमच्याकडून लांब पडेल हे खरं. स्वारगेटपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रोने शिवाजीनगर आणि पुढे पुन्हा रिक्षा. मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहेत, त्यामुळे सिंहगड रस्त्याच्या गर्दीत तासभर अडकण्यापेक्षा बरं. वेळा आणि प्रवेशाचं तिथे जाऊन समक्ष विचारा.

गोखलेनगरचं कामायनी आणि एरंडवण्यातलं सेवासदनचं दिलासा केंद्र ही नावं तुम्हाला लोक सुचवतील. दोन्ही कामं जुनी आणि चांगली, पण मुख्यतः बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी. तुमची लेक नेहमीच्या शाळेत शिकतेय, तिला शाळेतून काढायचा विचारही करू नका. तिथल्या पालकांना मात्र जाऊन भेटा. मला जे काही शिकायला मिळालं ते विशेष शाळेच्या फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या आयांकडून.

*

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते)

तुम्ही विचारलेलं नाही तरी एक विचारते. मुलीच्या खुब्यांचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये खुब्याचं हाड खोबणीतून हळूहळू सरकतं. जी मुलं आधाराशिवाय चालत नाहीत त्यांच्यात धोका जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. ठरावीक अंतराने एक्स-रे काढत राहिलं तर वेळेत पकडता येतं. तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत नक्की विचारा.

उचलण्याबद्दल: तुमच्या थेरपिस्टना मुलीचा व्यायाम थोडा वेळ बाजूला ठेवून तुम्हा दोघांना उचलायची पद्धत शिकवायला सांगा. तुमची मुलगी वॉकरवर उभी राहते, म्हणजे पायांवर थोडा भार घेते. बऱ्याच ठिकाणी तिला पूर्ण न उचलता उभं करून वळवून बसवता येईल. कमरेला पट्टा बांधून ते सोपं होतं. थोरल्याला मात्र उचलायला लावू नका, त्याच्या पाठीची हाडं अजून वाढताहेत.

अधूनमधून सांभाळण्यासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ ही निवासी योजना (आता ‘घरौंदा’ योजनेशी जोडलेली) त्याच हेतूची आहे. निरामयची नोंदणी तुम्ही ज्या संस्थेमार्फत केली, तिलाच विचारा की पुणे जिल्ह्यात सध्या ती कोण चालवतं. खरं सांगायचं तर निवासी केंद्रांपेक्षा तुम्हाला घराजवळचे चार तास हवे आहेत, आणि तसं पुण्यात फार कमी आहे. त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चार कुटुंबं पुरतात. सोसायटीचा हॉल किंवा शाळेचा वर्ग, रॅम्प असलेला, आणि खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह जवळ. ही दुसरी अट लोक विसरतात आणि पहिल्याच दिवशी पंचाईत होते. आळीपाळीने दोन पालक थांबायचे, बाकीच्यांनी खरंच निघून जायचं. प्रत्येक मुलाचा एक कागद: कसं बसतं, काय खातं, ठसका लागतो का, फिट येतात का, आल्या तर काय करायचं, औषध कोणतं. सुरुवातीला एखाद-दोन वेळा मी येऊन बसेन, उचलायचं सगळ्यांनाच दाखवेन.

जागेसाठी महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे अर्ज करा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असा राज्याचा शासन निर्णय आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा आणि पोच घ्या. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यातच आहे, कॅम्पात चर्च पथावर. इथे अडलं तर तिथे जाता येतं.

*

प्रतिसाद, धायरी फाट्यावरून

आमचा सहा वर्षांचा, ऑटिझम. गर्दी आणि आवाज त्याला सोसत नाही, पण तीन-चार मुलं असतील तर रमतो. आम्ही नक्की येऊ. त्याची मोठी बहीण नववीत आहे, तुमच्या थोरल्याची आणि तिची गाठ घालून देऊ. तिलाही कुणाशी बोलायला मिळत नाही.

*

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. खुब्यांचा एक्स-रे गेल्या दोन वर्षांत काढलेला नाही, डॉक्टरांची वेळ आज घेतली. बायकोची तपासणीही त्याच दिवशी ठेवली आहे, दोन्ही एकदम होतील.

कोथरूडच्या ताई, भाड्याच्या घराचं आम्ही मनात टाळत होतो. आज जेवताना विषय काढला. थोरला आधी म्हणाला की मित्र सुटतील, मग म्हणाला की जवळपासच बघू. तसंच बघतोय, याच भागात.

गटाबद्दल: शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोललो. त्यांचा हॉल तळमजल्यावर आहे, शनिवारी दुपारी रिकामा असतो आणि ते भाडं घेणार नाहीत. स्वच्छतागृहाचं दार मोजून आलो, आमची खुर्ची जाते. पायरी एकच आहे, तिला लाकडी उतार सुताराकडून करून घेतो. खालच्या लपाछपीवाल्या पोरांनाही बोलावलं आहे. त्यांच्या आयांना आधी भेटून सगळं समजावून सांगितलं, दोघी स्वतःहून थांबायला तयार झाल्या. महापालिकेचा अर्ज आता लिहायला घेतो. कुणाकडे अशा अर्जाचा मराठी नमुना असेल तर पाठवा.

धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर भागातलं आणखी कुणी असेल तर इथे लिहा किंवा मला संदेश करा. मुलाचं वय, काय मदत लागते आणि भावंडं आहेत का एवढं कळवा. ज्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही त्यांनी तेही लिहा, आमच्यातले दोघं जण खुर्ची उतरवायला येतील.